राखेवरचा हात

धुलाई कारखान्याच्या मागच्या अंगणात पांढऱ्या चादरी वाळत असत, आणि त्या चादरींपासून लांब, भिंतीकडेने अंग चोरून चालणारा एक राखाडी माणूस असे. सकाळी तो निळा सदरा घालून येई, कधी तांबडा. दुपारपर्यंत दोन्हींचा रंग एकच होई. म्हणून सगळे त्याला भुरेमामा म्हणत. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई, आणि तेव्हा तो स्वतःच इकडेतिकडे बघे, कोणाला हाक मारली म्हणून.

कारखान्यात मोठी भट्टी होती. तिच्यात कोळसा आणि लाकडाचे ओंडके जळत, वरच्या बॉयलरमध्ये पाणी उकळे, आणि त्या वाफेवर दवाखान्यांच्या, वसतिगृहांच्या चादरी धुतल्या जात. पाहुणे आले की मालक त्यांना आधी चादरी दाखवी, मग भट्टीचं तोंड उघडून आतली लाल आग दाखवी. आग बघायला कोणालाही आवडतं. जळून झाल्यावर जाळीखाली जे पडतं, तिथे पाहुण्याला कोणी नेत नाही. तिथे भुरेमामा असे.

राख म्हणजे राख, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. भुरेमामाला तसं कधी वाटलं नाही. लाकडाची राख पिठासारखी मऊ, पांढरट. शेजारून कोणी जरा घाईने गेलं तरी उठून त्याच्यामागे चालू लागणारी. कोळशाची राख जड, तांबूस, आपली जागा धरून बसणारी, आणि तिच्या पोटात वितळून गोठलेले काळे खंगर. जाळीखालचं दार उघडायचं ते एका बाजूला उभं राहून, कारण पहिली धग समोरच्याला धरते. मग दाताळ्याने राख ओढायची, सावकाश, धूळ न उडवता. घमेली भरायची, हातगाडी खड्ड्याकाठी न्यायची, वारा पाठीशी घ्यायचा, आणि घमेलं अगदी खाली नेऊन कलतं करायचं, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं. पाणी शिंपायचं, ओतायचं नाही. गरम राखेवर बादली ओतली की ती फुत्कारून अंगावर येते, हे त्याला एकदाच शिकावं लागलं होतं आणि त्याची खूण हनुवटीखाली होती.

इतक्या वर्षांत एका चादरीवर राखेचा डाग पडला नव्हता. भुरेमामा हे आपण होऊन कोणाला सांगत नसे, पण दुसरं कोणी सांगू लागलं तर अडवतही नसे.

खड्ड्यातली राख विटावाला घेऊन जाई आणि विटांच्या मातीत मिसळी. त्याची गाडी लाकडी फळ्यांची, वर जुनी पोती. फार पूर्वी, भुरेमामाच्या आधीच्या राखवाल्याच्या काळात, अशीच एक गाडी भर रस्त्यात पेटली होती. राख वरून थंड, ओलीसुद्धा, आणि आत निखारा जागा. तेव्हापासून कारखान्यात रीत पडली, की राखवाल्याने हात लावल्याशिवाय राख हलवायची नाही. बाही कोपराच्या वर सारायची, हात ढिगात आतपर्यंत घालायचा आणि डोळे मिटून थांबायचं. विटावाला फाटकातूनच विचारी, “मामा, हात झाला का?” मामा “झाला” म्हणाला की मगच फावडं उचललं जाई. तोवर खुद्द मालक आला तरी त्याने उभं राहायचं. मामा डोळे मिटून राखेत हात घालून उभा असे तेव्हा अंगणात चादरी वाळत घालणाऱ्या बायाही बोलणं थांबवत. वैद्य नाडी बघत असताना घरातली माणसं गप्प राहतात, तशा.

भट्टीत कोळसा टाकणारा भट्टीवाला हा त्याचा जुना दोस्त आणि रोजचा शत्रू. त्याच्या हातात कायम कोपरापर्यंतचे चामडी मोजे. मोजे काढले की आतले हात इतके मऊ निघत, की मामा म्हणे, “झाक लवकर. नव्या नवरीचे हात असे चारचौघांत दाखवू नयेत.”

“आणि तुझे?” भट्टीवाला म्हणे. “माझ्या चपलेचा तळ गेलाय. दे थोडं कातडं, तुला काय कमी आहे.”

त्याने एकदा एक लांब सळई करून आणली होती. ती ढिगात खुपसायची, थोड्या वेळाने काढायची आणि सळईला हात लावून बघायचं. म्हणजे राखेत हात घालायला नको. मामाने सळई उलटसुलट पाहिली. “छान आहे. टॉवेल वाळत घालायला होईल,” म्हणाला आणि भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी ठेवून दिली. ती तिथेच राहिली, आणि तिच्यावर खरंच टॉवेल वाळू लागले.

घरी मामीलाही ह्या हातांचं कौतुक. आल्यागेल्याला ती हसून सांगे, “आमच्याकडे सांडशी कधी घेतलीच नाही. उकळतं पातेलं उतरवायचं असलं की ह्यांना हाक मारते.”

मामाची मोठी बहीण वस्तीच्या टोकाला एकटी राहायची. आई लवकर गेली, तेव्हा ह्याला वाढवला तो ताईनेच, त्यामुळे ह्याचे केस पिकले तरी तिच्या तोंडी हा ‘बारक्या’. नवरा गेल्यावर तिने कोंबड्या पाळल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून फळ्यांचं खुराडं होतं, आणि त्यात कोंबड्यांना लोळायला राखेची पेटी. राखेत लोळलं की त्यांच्या अंगावरच्या पिसवा मरतात. त्यासाठी राख कोरडी लागते. म्हणून मामा खड्ड्याच्या एका कोपऱ्यात लाकडाची थोडी राख पाणी न मारता वेगळी ठेवी, थंड झाली की पोत्यात भरी आणि सायकलवरून ताईकडे आणी.

“गार आहे ना रे?” ताई दर वेळी विचारी.

“माझा हात लागलाय तिला.”

“तुझा हात लागलेलं मागच्या दाराचं कुलूप अजून उघडत नाही.”

“कुलूप माझं काम नाही. राख माझं काम आहे.”

त्या दिवशीही असंच बोलणं झालं. मामाने पोतं खुराड्यात फळीला टेकवून ठेवलं, पेटीत मग ओतू म्हणाला, चहा प्यायला आणि कामावर गेला. दुपारी ताई दुकानात गेली असताना खुराडं पेटलं.

शेजाऱ्यांनी धावपळ करून आग विझवली. कोंबड्या दिवसा अंगणात चरत असत, त्या वाचल्या. एक तेवढी अंड्यांवर खुडूक बसलेली होती. ती उठली नाही. मामा पोचला तेव्हा खुराड्याच्या जागी काळ्या फळ्या धुमसत होत्या, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि छपराच्या कडेला काळी जीभ फिरली होती, आणि ताई अंगणात उलट्या बादलीवर बसली होती.

“माझ्याच हातून झालं,” ती म्हणाली. “जाताना चुलीतले निखारे झाकायचे राहिले असणार.”

“झाकले नव्हतेस?”

“झाकल्यासारखं वाटतंय. पण दूध जळालं त्या दिवशीही मला उतरवल्यासारखंच वाटलं होतं.”

गेल्या थंडीत तिच्या हातून दूध चुलीवर राहिलं होतं आणि पातेल्याचा तळ गेला होता. एवढंच. पण ती गोष्ट तिने हसत हसत मुलाला सांगितली, आणि मुलगा हसला नाही. तो दूरच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर, बायकोमुलांसह राहत होता. आई एकटी असते ह्याचा त्याला घोर होता, आणि दुधाच्या पातेल्यापासून तो घोर वाढला होता. आगीचं कळताच तो संध्याकाळपर्यंत येऊन पोचला. काळी भिंत बघून मटकन पायरीवर बसला.

“मामा, आज खुराडं गेलं,” तो म्हणाला. “उद्या ती आत झोपलेली असेल. मी तिकडे कामावर बसून काय करू, तुम्हीच सांगा.”

रविवारी गाडी घेऊन येतो आणि आईला कायमची घेऊन जातो, कोंबड्या कोणाला तरी देऊन टाकू, असं भाच्याने ठरवलं. ताई नाही म्हणाली नाही. ऊन आहे म्हटलं तर सावली आहे म्हणणारी ताई. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. मामाला जळक्या भिंतीपेक्षा त्या खाली गेलेल्या मानेनेच जास्त धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि मामी तिथला पसारा आवरायला गेले. ताई आत भांडी पुसत होती. मामी झाडू लागली आणि मामा नुसताच उभा राहून बघू लागला. आयुष्यभर विझलेली आग उपसणाऱ्याला ती कुठून कशी चालत गेली हे दिसतं. चुलीमागची भिंत वरून काळी होती, पण खालचा पोपडा जसाच्या तसा होता. काल आत डोकावला तेव्हा चुलीवरचं झाकण जागच्या जागी होतं, हेही त्याला आठवलं. आणि भिंतीपासून दूर, खुराड्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथे पोतं टेकवलं होतं, तिथली फळी तळापासून आरपार गेली होती. आग तिथे जन्मली होती. चुलीकडे ती नंतर पोचली होती.

मामा पुढे सरकला. तो उकिडवा बसला. पोत्याचा धागा उरला नव्हता. राख होती, तिचं काय जळणार. त्याने हात घालून चाचपलं. ओंडक्याचा एक तुकडा लागला, बाहेरून पार राखाडी. तो त्याने तळहातावर घेतला आणि उजेडात फिरवून बघू लागला.

“अहो, कसला वास येतोय?” मामी म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं, आणि तिने झाडूच्या एका फटक्याने तो तुकडा उडवला. खाली पडून तो फुटला. आत लाल होता.

मामाच्या तळहातावर पांढरा ठसा उठला होता आणि त्याच्या कडेची कातडी आक्रसली होती. दुसऱ्या कोणाचा तरी हात दाखवायला आणावा, तसा तो बघत राहिला.

“दुखत नाही?”

“नाही.”

“जरासुद्धा?”

त्याने ठशावर नख दाबून पाहिलं. मामी झाडू टाकून त्याच्याजवळ बसली. “आणि मी जगाला हसून सांगत होते,” ती हळू म्हणाली, “आमच्याकडे सांडशी लागत नाही म्हणून.”

हात एका दिवसात मेला नव्हता. थोडाथोडा, भाजत, चटके खात, कातडीवर कातडी चढवत गेला होता, आणि मामा त्याला मजबुती समजत होता. राख गार लागते, म्हणजे राख गार आहे, एवढंच त्याने धरलं होतं. आपल्याला आता सगळंच गार लागतं, हे त्याच्या कधी मनातच आलं नाही.

“ताईंना सांगा,” मामी म्हणाली.

“सांगतो.”

पण त्याने सांगितलं नाही. हाताला फडकं बांधून तो कामावर गेला. विटावाल्याने फाटकातून विचारलं, “मामा, हात झाला का?” मामाने बाही सारली, दुसरा हात ढिगात घातला आणि डोळे मिटले. आत ना गार होतं ना गरम. नुसतं वजन होतं. पूर्वी त्या अंधारात त्याला राखेचं पोट, पाठ, झोप, जाग सगळं कळे. निदान कळतं असं वाटे. तो उभा राहिला, अंगणातल्या बाया त्याच्यासाठी गप्प राहिल्या, आणि त्याला त्यांच्या गप्प राहण्याची लाज वाटली.

“आज नाही,” तो म्हणाला. “उद्या ये.”

दुसऱ्या दिवशीही “उद्या ये”च म्हणाला. विटावाला कुरकुरत रिकामी गाडी घेऊन परत गेला. खड्डा भरत आला. भट्टीवाल्याने विचारलं, “काय रे, राखेशी भांडण झालंय का तुझं?” मामाने नेहमीसारखा टोला दिला नाही, तेव्हा भट्टीवाला त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

हात गेला हे कबूल केलं, तर मागे काय उरतं? फावडं, घमेलं आणि एक राखाडी म्हातारा. मामा रस्त्याने सायकल ढकलत हाच विचार करी. आणि बोललं नाही, तर ताईचं घर जातं. दोन्ही गोष्टी त्याला स्वच्छ दिसत होत्या, तरी जीभ उचलत नव्हती. रोज तो ताईकडे जाई, आज सांगू म्हणून, आणि सामान बांधायला मदत करून परत येई.

शनिवारी तो गेला तेव्हा ताई चुलीपाशी उभी होती. चूल कधीची विझली होती. तिने झाकण उचललं, पाहिलं, परत ठेवलं. चार पावलं आली, परत फिरली, पुन्हा झाकण उचललं.

“विझलीय गं ताई.”

“हो ना. मी पाहिलं ना आत्ता?” ती म्हणाली, आणि मग तिने त्याच्याकडे असं बघितलं, की तो लहान असल्यापासून तसं तिने कधी बघितलं नव्हतं. “बारक्या, मी तुला चहा विचारला का रे? की मला नुसतं तसं वाटतंय?”

त्या रात्री मामा कूस बदलत राहिला.

रविवारी भाचा गाडी घेऊन आला. ट्रंक दारात होती, अंथरुणाची वळकटी तिच्यावर. मामीने शेवटचा चहा म्हणून चुलीवर किटली चढवली. भाचा गाडीत काय कुठे बसेल ते बघत होता.

“जरा आत ये,” मामा त्याला म्हणाला. “बस. ते पोतं माझं होतं.”

“कसलं पोतं?”

“राखेचं. मी सकाळी आणलं होतं. त्यात निखारा होता. आग पोत्यातून उठली, चुलीतून नाही.”

भाचा दमून हसला. “मामा, तुमचा आईवर किती जीव आहे मला माहीत आहे. पण तुमच्या हाताखालून निखारा निसटला म्हणता? लहान पोरांनाही पटणार नाही.”

“बारक्या,” ताई म्हणाली, “लहानपणी तू फोडलेली बरणी मी अंगावर घेतली होती, त्याची फेड आज करू नकोस. झालं ते झालं.”

मामाने काही वाद घातला नाही. उठला, चुलीपाशी गेला आणि किटलीच्या पोटाला आपला चांगला हात लावून उभा राहिला. किटलीच्या तोंडातून वाफ येत होती. त्याचा चेहरा होता तसाच होता. तो भाच्याकडे बघत होता, आणि भाच्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. मामी शेजारीच होती. तिने ओठ दाबून धरले होते. मग ती “पुरे,” म्हणाली आणि त्याचा हात ओढून काढला. तळहात लालभडक झाला होता.

“मला हे कळतच नाही,” मामा म्हणाला. “कधीपासून कळत नाही, तेही माहीत नाही. खुराडं साफ करताना कळलं.”

मामीने पदराने धरून किटली उतरवली.

ताई सावकाश म्हणाली, “म्हणजे मी निखारे झाकले होते.”

“झाकले होतेस.”

“नीट?”

“नीट. चुलीवरचं झाकण जागच्या जागी होतं. मी पाहिलं.”

ताई ट्रंकेवर बसली. तिची मान हळूहळू वर आली. जणू कोणीतरी तिचं घर, तिचे दिवस, तिचं डोकं, सगळं एकेक करून तिच्या हवाली करत होतं आणि ती तपासून घेत होती. मग तिने भावाकडे बघितलं.

“गाढवा,” ती म्हणाली. “आणि इतके दिवस मला वेडी ठरवून बसलास होय?”

“हो,” मामा म्हणाला.

“माझी खुडूक गेली तुझ्यापायी.”

“हो.”

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात, आणि त्याच हाताने त्याला मोरीपाशी नेऊन त्याचा तळहात गार पाण्याखाली धरला. “कळत नसलं म्हणून काय झालं,” ती म्हणाली. “भाजायचं ते भाजतंच.”

भाचा दारापाशी गेला. मग त्याने वळकटी उचलून आत ठेवली, आणि ट्रंक नेताना आईला विचारलं, “कुठे ठेवू?”

“जिथे होती तिथे. आणि आलाच आहेस तर मागच्या दाराचं कुलूप बघ. तुझ्या मामाने बिघडवलंय.”

संध्याकाळी निघण्याआधी भाच्याने अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नव्या खुराड्यासाठी खांब रोवून दिले. रोज फोन करीन, एकदा तरी उचलला नाहीस तर येऊन उभा राहीन, असं दटावून गेला. ताई म्हणाली, “मग मुद्दाम उचलणार नाही.”

मामीने मामाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, मामाने आपण होऊन हात पुढे केला, आणि टाचणी कुठे लागते आहे हे त्याला एकदाही सांगता आलं नाही. गेलेलं परत येईलच असं नाही, म्हणाले; राहिलेलं सांभाळा, मोजे घाला. मामीने येताना बाजारातून एक सांडशी घेतली.

त्यानंतर मामा कामावर गेला तेव्हा खड्डा काठोकाठ भरला होता. विटावाला फाटकात उभाच होता. “मामा, आज तरी हात झाला का?”

“माझा हात आता होणार नाही,” मामा म्हणाला. मोठ्याने म्हणाला, अंगणातल्या बायांना ऐकू जाईल असं. मग भट्टीपाशी गेला आणि भट्टीवाल्याला सगळं सांगितलं. खुराडं, पोतं, किटली. भट्टीवाला ऐकत राहिला. त्याला थट्टा करायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती, पण त्याने ती घेतली नाही.

मामाने भिंतीवरच्या सळईवरचे टॉवेल काढले, घडी घातली, बाजूला ठेवले. सळई घेऊन खड्ड्यावर गेला. ढिगाभोवती एक फेरी मारली, एक जागा निवडली आणि सळई तिरपी, सावकाश, तळाला टेकेपर्यंत खुपसली. हात लावता येत नसला तरी कुठे लावायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग तो थांबला. थांबणं त्याला येत होतं. बऱ्याच वेळाने सळई ओढून काढली आणि आडवी धरली.

“मोजा काढ,” तो भट्टीवाल्याला म्हणाला.

भट्टीवाल्याने मोजा काढून सळईच्या टोकाला बोट लावलं. “गार आहे.”

“टोक जमिनीला टेकलेलं होतं, ते गार असणारच. वर सरक. अजून. ढिगाचं पोट तिथे असतं. आता धर, आणि डोळे मीट.”

भट्टीवाल्याने डोळे मिटले. अंगणात चादरी फडफडत होत्या. बाया गप्प झाल्या होत्या.

“कोमट लागतंय,” तो म्हणाला. “अगदी जरासं.”

“जरासं म्हणजे जागी आहे.” मामाने झारीने पाणी शिंपायला घेतलं आणि फाटकाकडे बघून सांगितलं, “उद्या ये रे. उद्या नक्की.”

विटावाला बडबडत गेला. भट्टीवाला आपला हात उलटसुलट करून बघत होता. तळव्याच्या रेषारेषांत राख बसली होती.

“घे,” तो म्हणाला. “आता हे हात मी कोणाला दाखवू?”

“आता दाखव,” भुरेमामा म्हणाला. “आता कुठे जरा हातासारखे दिसायला लागलेत.”